वीसपैकी तीन

बुबुळ डावीकडून उजवीकडे जायला दोन चित्रं लागतात. चित्रणाच्या एका सेकंदाची तीस चित्रं पाडली, तर पहिल्यात ते डाव्या कोपऱ्यात असतं. दुसऱ्यात पापणी केसभर खाली आलेली असते आणि बुबुळ मधेच कुठेतरी, पुसट. तिसऱ्यात ते उजवीकडे पोचून स्थिर झालेलं असतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या पापणीची ही हालचाल इतकी लहान असते, की पडद्याला नाक लावल्याशिवाय दिसत नाही.

सहा वर्षं माझं काम हेच आहे. लहान मुलांना शब्द कसे कळतात, त्याचा आम्ही अभ्यास करतो. आमच्या खोलीत मूल आईच्या मांडीवर बसतं. समोर पडदा, पडद्यावर दोन चित्रं, समजा एकीकडे चेंडू आणि दुसरीकडे बूट. मग आवाज येतो, "बघ, चेंडू!" पडद्याखालचा कॅमेरा मुलाचे डोळे टिपत राहतो. नंतर आम्ही ते चित्रण आवाज बंद करून, एकेक चित्र पुढे सरकवत बघतो आणि लिहितो: डावीकडे, उजवीकडे, मधे, भलतीकडे. चेंडू कुठल्या बाजूला होता हे आम्हाला मुद्दाम सांगितलेलं नसतं. माहीत असलं, की माणूस नकळत मुलाच्या डोळ्यांना मदत करायला जातो. आईला काळा चष्मा घालावा लागतो, तोही त्याच कारणासाठी. चष्मा नसला, तर आई तोंडाने गप्प बसते पण तिचे गुडघे चेंडूकडे वळतात. आयांचे गुडघे फार बोलके.

'चेंडू'तला 'चें' कानावर पडल्यापासून बुबुळ हलेपर्यंत काही मुलांना अठरा-वीस चित्रं लागतात, काहींना तीस. ज्यांच्याकडे शब्द जास्त, त्यांची नजर लवकर वळते असं आम्हाला दिसतं. आणि ज्यांची नजर लवकर वळते, त्यांच्याकडे पुढच्या काही महिन्यांत शब्द जास्त जमतात, असंही दिसतं. एका शब्दातून मूल लवकर मोकळं झालं, की त्याचं लक्ष पुढच्या शब्दासाठी शिल्लक राहत असावं. आधी कोंबडी की आधी अंडं, याचं उत्तर अजून आमच्या हाती लागलेलं नाही. पिसं मात्र भरपूर जमली आहेत.

एवढं सगळं मोजणाऱ्या बाईची स्वतःची मुलगी एकवीस महिन्यांची झाली, तरी बोलत नव्हती.

अगदीच बोलत नव्हती असं नाही. तिचे शब्द चार: 'दे', 'नाय', 'बा' आणि 'फुस्स'. 'बा' म्हणजे बाबा, आजोबा आणि रस्त्याने जाणारी बस. 'फुस्स' म्हणजे सायकलच्या ट्यूबमधून जाणारी हवा. 'आई' या यादीत नव्हती. ते मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. दिवसभर इकडची वस्तू उचलून तिकडे नेऊन ठेवायची म्हणून घरात तिला मुंगी म्हणत.

मुंगीला सांभाळायचे माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. लांबट एक खोली, दोन्ही भिंतींना खुंट्या, मधे सायकल टांगायचा लोखंडी हात, आणि ट्यूब बुडवून बघायची पाण्याची घमेली. मुंगी तिथे जायला लागली त्या आठवड्यात बाबांनी सगळं दुकान फिरवलं होतं. छर्रे, खिळे, पत्रे आणि धारेच्या वस्तू माणसाच्या डोक्याच्या वर गेल्या. घमेली टेबलावर चढली. घंटी, पेडल, पंपाची मूठ आणि जुन्या सीटा मुंगीच्या छातीच्या खाली आल्या. सासूबाई गेल्यानंतर दोन वर्षं ते अकराच्या आधी कधी शटर वर करत नसत. आता नऊला उघडत आणि सव्वानऊपर्यंत मुंगी आली नाही, तर फोन करत. फोनवर म्हणत, "गिऱ्हाईक खोळंबलंय."

गिऱ्हाईक कोण, ते आम्हाला कळायचं.

तक्रार ताईंची होती. ताई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं पाळणाघर आहे. तीस मुलं, दोन मदतनीस, आणि ताईंचा आवाज. तिथे जागा मिळावी म्हणून लोक बाळाचं नाव ठरायच्या आधी नाव नोंदवतात. मुंगीसाठी त्यांनी तीन महिने एक जागा अडवून ठेवली होती.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, जणू तो उडून जाणार होता.

"शुक्रवार संध्याकाळ," त्या म्हणाल्या. "त्यानंतर जागा दुसऱ्याला. लोक मला दारात गाठून विचारतात, ताई, ती रिकामी खुर्ची कुणाची? काय सांगू?"

"बघू," मी म्हणाले.

"तुझं बघू म्हणजे भिजत घोंगडं नुसतं. अगं, एकवीस महिन्यांची पोर! आमच्याकडे त्या वयाची मुलं भांडतात."

"भांडतात?" नवऱ्याने विचारलं.

"शब्दांनी भांडतात. एक म्हणतो 'माझा चेंडू', दुसरी म्हणते 'नाही, माझा'. झालं की नाही वाक्य? आणि ही आपली फुस्स!"

"फुस्स," टेबलाखालून मुंगी म्हणाली.

"बोलली की," बाबा म्हणाले.

"बाबा, फुस्स हा शब्द नाही."

"सायकलवाल्यांत आहे."

"चेष्टा नका करू. दिवसभरात तुमच्या तोंडून शब्द पडणार चार, तेही गिऱ्हाइकापुरते. पोरीने शिकायचं कुणाकडून? टायरकडून? आमच्याकडे येऊन बघा, पोपटासारखी बोलतात पोरं."

"म्हणून तर तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नाही," बाबा म्हणाले, पण ते स्वतःच्या ताटाला उद्देशून.

ताई माझ्याकडे वळल्या. "तू शिकलेली आहेस. तूच सांग, मुलांशी जास्त बोललं की ती लवकर बोलतात की नाही?"

अडचण हीच होती. ताई चुकीचं बोलत नव्हत्या. ज्या मुलांच्या कानावर जास्त बोलणं पडतं, ती सहसा जास्त शब्द शिकतात. आमच्या खोलीतल्या कपाटात त्याचे गठ्ठे होते. आणि बाबा खरोखरच कमी बोलायचे. एकदा त्यांच्या दुकानासमोर बैल उधळला होता, त्याची हकिगत त्यांनी दोन शब्दांत सांगितली होती: "आला. गेला."

"तुला काय वाटतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

आमच्या घरात निर्णयाची ही दोन टोकं. मी म्हणायची 'बघू', तो म्हणायचा 'तू म्हणशील तसं'. या दोन टोकांच्या मधे तीन महिने मुंगीच्या पावलांनी निघून गेले होते.

"बाबा, तुम्ही?" मी विचारलं.

"सूनबाई ठरवेल ते," ते म्हणाले, आणि नखातलं ग्रीस बघत बसले.

गुरुवारी आमच्या खोलीत नवा कॅमेरा सुरू व्हायचा होता. आमच्याकडे रीत आहे, नवं यंत्र आलं की पहिलं मूल घरचं. त्याचे आकडे संशोधनात धरत नाहीत, नुसतं यंत्र चालतं का ते बघायचं. खोलीतल्या यंत्रांचं सगळं बघणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही वायरमामा म्हणतो. त्यांनी विचारलं, "तुझी मुंगी का नाही आणत? किती दिवस म्हणतोय." एवढे दिवस मी टाळत आले होते. दुसऱ्यांच्या मुलांचे डोळे मोजणं वेगळं. पण शुक्रवार तोंडावर होता, आणि मला वाटलं, एक आकडा तरी हातात येईल.

निघायच्या आधी मुंगीला घ्यायला दुकानात गेले. तिच्या डाव्या अंगठ्याला पेडलच्या दात्याने खरचटलं होतं आणि बाबा त्यावर पट्टी लावत होते. पंक्चर काढताना रबराचा तुकडा लावतात, तशी चारी कडा दाबून.

"रडली?" मी विचारलं.

"विचार करत होती. मग राहून गेलं." त्यांनी तिच्या उजव्या अंगठ्याला बोट लावलं. "हा चोखायचा." मग डाव्याला. "हा कामाचा."

मुंगीने उजवा तोंडात घातला.

खोलीत मी काळा चष्मा लावून बसले. मुंगी मांडीवर. काही दिसत नव्हतं. फक्त माझ्या हनुवटीखाली तिचं डोकं हलताना कळत होतं, एकदा इकडे, एकदा तिकडे. "बघ, चमचा!" डोकं हललं. "बघ, मांजर!" पुन्हा हललं. एवढ्या वर्षांत शेकडो आयांना मी सांगितलं आहे, "तुम्ही फक्त आरामात बसा." आरामात बसणं किती कठीण असतं ते त्या दिवशी कळलं.

स्वतःच्या मुलीचं मोजायचं नाही, हा नियम. म्हणून चित्रण अक्काकडे गेलं. अक्का माझ्या शेजारच्या टेबलावर मोजते. ती वयाने आमच्यात सगळ्यांत लहान आणि बोलण्यात सगळ्यांत थोरली, म्हणून अक्का. मी अधूनमधून तिच्या मागून डोकावत होते. पडद्यावर मुंगीचा चेहरा, त्यावर माझी हनुवटी, हनुवटीवरचा तीळ. सगळं नेहमीसारखं दिसत होतं.

चारच्या सुमाराला अक्काने यादी जुळवली. मग तिने चष्मा काढून पुसला, जो स्वच्छ होता.

"सांग," मी म्हणाले.

"चोवीसपैकी चार वेळा ती अंगठ्याकडेच बघत बसली, ती सोडून दिली."

"उरले वीस. त्यातले?"

"तीन."

"तीन बरोबर?"

"तीन," अक्का म्हणाली. "अगं पण नवा कॅमेरा, नवी जागा, बिचारीचा अंगठा… आणि हे काय धरायचंय थोडंच?"

तिच्या वयाच्या मुलांचे वीसपैकी चौदा-पंधरा तरी येतात. मी अक्काला म्हणाले, "हो, धरायचं नाहीच." आणि घरी जाऊन अर्ज भरला. सहीची जागा तेवढी सोडली. नवरा म्हणाला, "सही का नाही केली?" मी म्हणाले, "पेन नीट चालत नाहीये." त्याने दुसरं पेन आणून दिलं. तेही मी नीट चालत नाही म्हटलं.

बाबांनी टेबलावरचा अर्ज पाहिला. तांब्या उचलला, पाणी प्यायले, आणि तांब्या पुन्हा बरोबर त्याच जागी ठेवला. शुक्रवारी सकाळी ते स्वतःच मुंगीला घेऊन निघाले, आणि निघताना त्यांनी एक रिकामी कापडी पिशवी बरोबर घेतली.

कामावर चहाचा पहिला घोट घेतला आणि तो तसाच तोंडात राहिला.

तीन फार कमी होते.

हे आमच्याकडे नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. ज्या मुलाला शब्द मुळीच कळत नाही, त्याचा आकडा शून्य येत नाही. ते कधी इकडे बघतं, कधी तिकडे. नाणं उडवल्यासारखं. म्हणजे वीसपैकी दहा, फार तर आठ किंवा बारा. वीसपैकी तीन यायला नुसतं अज्ञान पुरत नाही. सतरा वेळा नेमक्या चुकीच्या चित्राकडे बघायचं, तर बरोबर चित्र कुठलं ते माहीत असावं लागतं. हे सगळं मी चार नव्या लोकांना स्वतः शिकवलं होतं आणि मुंगीची आई म्हणून ऐकताना साफ विसरले होते.

घोट गिळून मी अक्काकडे गेले. "कालचं चित्रण लाव."

"पुन्हा कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

"लाव. डोळे नको बघूस. अंगठा बघ."

पडद्यावर मुंगी माझ्या मांडीवर बसली होती. पट्टी तिच्या उजव्या अंगठ्याला होती. डावा अंगठा ती चोखत होती.

"हा चोखायचा, हा कामाचा," मी म्हणाले.

"काय?"

"पट्टी डाव्याला होती. माझ्या समोर लावली."

अक्का माझ्याकडे बघत राहिली, मग पडद्याकडे. आणि मग एवढ्या मोठ्याने ओरडली, की पलीकडच्या खोलीतलं कुणाचं तरी मूल रडायला लागलं. "वायरमामा! इकडे या, तुमचा कॅमेरा आरसा झालाय!"

वायरमामा आले, वाकले, एक कळ दाबली, दुसरी दाबली, आणि कान धरले. "आरशासारखं दाखवायची सोय असते याच्यात. लोकांना आपलं तोंड तसंच बघायची सवय असते ना. ती चालू राहिली. डावं ते उजवं झालं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तू तर मागे उभी होतीस. तुझ्या चेहऱ्यावरून कळायला हवं होतं."

कळलं नव्हतं. हनुवटीवरचा तीळ मला जागच्या जागी वाटला होता. मी तो रोज आरशातच बघते.

अक्काने यादी उलटी केली. सतरा. मग मुंगीची नजर वळायला किती वेळ लागला, ते तिने पुन्हा एकदा जोडून पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. "एकोणीस चित्रं, सरासरी! अगं ही मुंगी नाही, मुंगूस आहे!"

मला हसू आवरेना. वायरमामांनी आपल्या डब्यातलं बिस्किट मला देऊ केलं, जे ते कुणालाही देत नाहीत.

पण हसू ओसरल्यावर मी तो आकडा समोर ठेवून बसले. एक मूल, एक सकाळ, वीस वेळा. शितावरून भाताची परीक्षा भातापुरती ठीक. कालच्या तीनवर मी अर्ज भरला आणि आजच्या सतरावर तो फाडला, तर मी मोजणारी कसली? शिवाय सतरा हा आकडा ती कधी बोलेल ते सांगत नव्हता. एवढंच सांगत होता, की शब्द आत पोचत होते आणि चटकन जागेवर बसत होते. मग ते तिथे पोचवत कोण होतं? मी सकाळी एक तास आणि संध्याकाळी तीन तास भेटायची. उरलेला दिवस ती त्या माणसाजवळ असायची, ज्याने बैलाची गोष्ट दोन शब्दांत संपवली होती.

मला येतं ते एकच काम, बघणं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दुकानाकडे निघाले. अर्ज पर्समध्ये होता.

दुकानाच्या दाराशेजारी दुरुस्त झालेल्या सायकली ओळीने उभ्या असतात. त्यांच्या मागे उभं राहिलं, की आतलं दिसतं, ऐकूही येतं, पण आतल्याला आपण दिसत नाही. ही जागा मला बाबांनीच सांगितली होती. गिऱ्हाइकं आपल्याविषयी काय बोलतात ते ऐकायला ते स्वतः कधी कधी तिथे उभे राहतात. मी वही काढली आणि दोन रकाने आखले. बाबा एखाद्या वस्तूचं नाव घेतील, तेव्हा मुंगीची नजर आधीच त्या वस्तूवर असेल तर डावीकडे रेघ, नसेल तर उजवीकडे.

आत बाबा बुटक्या स्टुलावर बसून ट्यूब घासत होते. मुंगी जमिनीवर. पाच मिनिटं दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही. वहीत एकही रेघ नाही. ताई असत्या, तर वही माझ्या हातातून घेऊन त्यांनी सही करायला लावली असती.

मग मुंगीने खालच्या खुंटीवरची चेन बघितली. बाबांचा हात थांबला. ते तिच्याकडे बघत राहिले. तिने चेन हातात घेतली, तोंडाजवळ नेली, मग 'नको' म्हटलेलं आठवून खाली घेतली.

"चेन," बाबा म्हणाले.

तिने वर बघितलं.

"चेन," ते पुन्हा म्हणाले. तेवढंच. आणि ट्यूब घासायला लागले.

त्यानंतर पेडल. मग पंपाची मूठ. मुंगी काहीतरी बघायची, बाबा थांबायचे, ती त्यात रमली की एक शब्द ठेवायचे. 'हे बघ' नाही, 'ते काय आहे सांग' नाही, 'म्हण बरं' तर अजिबात नाही. नेमका तेवढाच शब्द, नेमका त्याच वेळी. पाव तासात एकतीस रेघा झाल्या. अठ्ठावीस डावीकडे.

आदल्या संध्याकाळी मी मुंगीशी दीड तास बोलले होते. हा बघ पक्षी, हा बघ दिवा, हे बघ किती छान पुस्तक. तिची नजर त्या वेळी कपाटाच्या मुठीवर होती. मी मूठ हा शब्द उच्चारलाही नव्हता. माझे रकाने आखले असते, तर उजवीकडे रेघांचं जंगल उगवलं असतं.

"काय हो सूनबाई, सासऱ्यावर पाळत?"

मागे पोस्टमन उभा होता. त्याची सायकल पुढच्या चाकात वाकडी होऊन आली होती.

"हळू बोला ना!"

"पगार मिळतो का याचा?"

"मिळतो," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"मग आम्हालाही लावा की चिकटवून," असं म्हणत तो सायकल ढकलत आत गेला, आणि मला लपून राहता आलं नाही. मी त्याच्या मागोमाग दारात आले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पोस्टमनला म्हणाले, "ठेव. चारला ये." तो गेला.

तेव्हा मला ती कापडी पिशवी दिसली. स्टुलाच्या पायाशी, तोंड उघडं. तिच्यात मुंगीचं दुपारचं पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं, तिची वाटी होती, आणि एक घंटी. जुनी पितळी घंटी, पॉलिश करून चकचकीत केलेली.

बाबांनी खुंटीवरून तिची टोपी काढली आणि पिशवीत घातली. मुंगीने ती बाहेर काढली. त्यांनी वाटी खाली सारली. तिने वाटी बाहेर काढून स्टुलावर ठेवली. मग पांघरूण ओढायला लागली.

"सकाळपासून हेच," बाबा म्हणाले. "मी भरतो, ही रिकामी करते. तिला खेळ वाटतोय."

"बाबा, पिशवी कशाला?"

"आज शुक्रवार ना." त्यांनी घंटी हातात घेऊन अंगठ्याने पुसली. "पाळणाघरात घंटी चालेल का, ते ताईला विचार. आवाज फार नाही हिचा. मी आतली कमान थोडी सैल केली आहे."

तेवढ्यात ताईच आल्या. त्यांच्या चपलांचा आवाज कोपऱ्यापासून ओळखू येतो.

"घरी गेले तर कुलूप! फोन केला तर लागत नाही! आणि ही इथे!" त्या धापा टाकत टायरांच्या चवडीवर बसल्या. "आण तो अर्ज. सही झाली?"

"काल ती परीक्षा होती ना तिची?" बाबांनी हळूच मला विचारलं. "काय झालं तिचं?"

"काल वीसपैकी तीन होते," मी म्हणाले.

"अरे देवा," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरंच उतरला.

"आज सतरा झाले."

"एका रात्रीत?"

"कॅमेरा उलटा दाखवत होता. तिच्या अंगठ्यावरून कळलं." मी मुंगीचा पट्टीचा अंगठा वर धरून दाखवला. "बाबांनी पट्टी लावली नसती तर कळलं नसतं."

ताईंनी अंगठा बघितला, वडिलांकडे बघितलं. "खरचटलं कसं, ते विचारणार होते मी," त्या म्हणाल्या, "पण आता काय बोलायचं! बरं, कळतं तिला सगळं, आनंद आहे. मग आता चार मुलांत आली, की आपोआप तोंड उघडेल. उलट आत्ताच पाठवायला हवं. काय हो बाबा?"

बाबांनी घंटी पिशवीत ठेवली. मुंगीने ती बघितली. बाबा थांबले, नेहमीसारखे. तिने पिशवीत हात घातला, घंटी बाहेर काढली आणि छातीशी धरली.

"घंटी," बाबा म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

ताई हे बघत होत्या. बोलायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. पंधरा वर्षं मुलं सांभाळली आहेत त्यांनी, डोळे त्यांनाही आहेत.

"तुम्ही दिवसभर असंच करता?" त्यांनी विचारलं.

"कसं?"

"असंच. ती बघेपर्यंत थांबता."

"मग?" बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकाने सायकल दाखवल्याशिवाय काय बिघडलंय ते कसं सांगणार?"

सवय सुटेना म्हणून ताई म्हणाल्या, "पण ती अजून बोलत नाही, हे तर खरं?"

"खरं," मी म्हणाले. "आणि कधी बोलेल, ते मला माहीत नाही."

"मग? काय करायचं ते एकदा सांग बाई. मी आज खुर्ची देते की नाही ते मला कळू दे. बघू म्हणालीस तर मी इथून उठणार नाही, आधीच सांगते."

मी पर्समधून अर्ज काढला. दोघंही त्याच्याकडे बघत होते. मुंगीसुद्धा, कारण कागद वाजला होता. सहीची जागा रिकामी होती. पोस्टमनच्या वाकड्या चाकाला कुणाचा तरी धक्का लागला आणि ते खडखडत अर्धा फेरा फिरून थांबलं. 'बघू' माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, तीन महिन्यांच्या सवयीने. मी ते तिथेच राहू दिलं, अर्जाची घडी घातली, आणि ताईंच्या हातात देऊन म्हणाले,

"बघून झालं, ताई. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. मुंगी इथेच राहील, बाबांजवळ."